विकतो कोण? आम्ही तर मार्केटिंग करतो!

कोणाला सांगू नका, पण आमच्या सोसायटीत आता एकही मूल काही विकत नाही. सगळी मार्केटिंगमध्ये आहेत. बी विंगमधला इंजिनीअर मार्केटिंगमध्ये, इंजिनीअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलेला त्याचा मित्रही मार्केटिंगमध्ये. फार्मसी केलेली मुलगी मार्केटिंगमध्ये, संस्कृत घेऊन एम.ए. झालेली 'कंटेंट मार्केटिंग'मध्ये. तळमजल्यावरच्या काकांचा नातू अजून दहावीत आहे, पण तोही 'पर्सनल ब्रँड' बांधतोय म्हणे. काका आधी घाबरलेच. बांधकामाला सोसायटीची परवानगी घेतलीस का, असं विचारत होते.

आणि ही सगळी आपलीच माणसं बरं का! "आमच्या सात पिढ्यांत कोणी तराजू हातात धरला नाही" हे वाक्य ज्या घरांत पाहुण्यांना चहाबरोबर ऐकवलं जायचं, त्याच घरांतली. आमच्या लहानपणी सेल्समन ही दाराच्या फटीतून बघायची गोष्ट होती. दुपारी बेल वाजली की आई आतून ओरडायची, "कोण आहे? काही नको!" प्रश्न आणि उत्तर दोन्ही तिचंच. १९८२ साली युरेका फोर्ब्ज निघाली आणि टाय लावलेली मुलं व्हॅक्यूम क्लीनर घेऊन दारात उभी राहू लागली. ती आपल्याच गादीतली धूळ काढून आपल्यालाच दाखवायची. आमच्या चाळीतल्या एक काकू तो अपमान पुढची कितीतरी वर्षं विसरल्या नव्हत्या. मशीन घेतलं नाहीच, गादी मात्र दर रविवारी गॅलरीत यायला लागली.

आता त्याच काकूंची सून 'ब्रँड स्ट्रॅटेजिस्ट' आहे. काकू सांगताना आवाज खाली आणत नाहीत, उलट दोन मजले ऐकतील एवढा चढवतात.

परवा आत्याकडे स्थळाची बोलणी होती. मुलाच्या बायोडेटावर ठळक अक्षरांत 'मार्केटिंग प्रोफेशनल'. आत्याने चष्मा पुसला आणि सरळ विचारलं, "म्हणजे नक्की काय विकतो?" झालं! मुलाच्या आईने पोह्यांची बशी खाली ठेवली. "विकत नाही हो, मार्केटिंग करतो."

"हो, पण कशाचं?"

"ब्रँडचं."

"कुठल्या?"

"वेगवेगळ्या."

"एका जागी टिकत नाही वाटतं," आत्या माझ्या कानात कुजबुजली, पण तिची कुजबुज समोरच्या सोफ्यापर्यंत जाते. मग पाहुण्यांची पाळी आली. आत्याची नात काय करते? ती एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत एरिया सेल्स मॅनेजर. सातारा, सांगली, कोल्हापूर असे तीन जिल्हे तिच्याकडे. "म्हणजे... दुकानादुकानांतून फिरावं लागतं?" मुलाच्या आईच्या भुवया पार केसांना टेकल्या. मुलगा घरात बसून लॅपटॉपवर 'ब्रँडचं' काहीतरी करतो ते प्रतिष्ठेचं, आणि मुलगी तीन जिल्ह्यांत खरोखरचा माल खपवते ते कसंतरीच! स्थळ तिथेच संपलं. पोहे संपले नव्हते, ते आम्ही संपवले.

माझ्या मते या सगळ्या वेडाचं मूळ त्या बशीत आहे. मार्केटिंग हे आपण विक्रीला नेसवलेलं सोवळं आहे. आत माणूस तोच, काम तेच, पण सोवळ्यात आहे म्हटलं की शिवाशिव टळते. विकायची लाज वाटते, पण विकल्याशिवाय कुठल्याच कंपनीची चूल पेटत नाही. मग काय करायचं? विकायचं, पण त्याला तसं म्हणायचं नाही.

हे काही आजचं नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात मराठी घरांतून पोरांची अख्खी पिढी मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह झाली. बी.एस्सी. केमिस्ट्री, हातात चामड्याची बॅग, भर वैशाखात गळ्याला टाय, आणि दवाखान्याबाहेरच्या बाकावर पेशंटच्या शेवटी नंबर. आत गेल्यावर मिळायची दोन-तीन मिनिटं. तेवढ्यात व्हिज्युअल एड उघडून औषधाचं 'डिटेलिंग' करायचं, सॅम्पल टेबलावर ठेवायचं आणि डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून ते लिहून देतील की नाही हे ओळखायचं. या मंडळींच्या नोकरीच्या अटींसाठी १९७६ साली संसदेने वेगळा कायदा केला, एवढी त्यांची संख्या आणि संघटना मोठी. पण घरी विचारलं की आई काय सांगायची? "औषधांच्या कंपनीत आहे." म्हणजे संशोधन करतो की गोळ्या मोजतो, ते ऐकणाऱ्याने ठरवायचं. 'विकतो' एवढं मात्र कोणी म्हणायचं नाही.

आता या शास्त्राचं मूळ बघितलं तर अंगावर काटा येईल. ज्याला आज ब्रँड मॅनेजर म्हणतात आणि ज्याच्यासाठी एम.बी.ए.ची मुलं देव पाण्यात घालून बसतात, ते पद कुठून आलं? साबणाच्या भांडणातून! १९३१ साली अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत नील मॅकलरॉय नावाचा तरुण 'कॅमे' साबणाच्या जाहिराती बघत होता. कंपनीचा लाडका साबण 'आयव्हरी'. सगळं लक्ष थोरलीकडे, धाकटीला कोणी विचारेना. वैतागून त्याने वरिष्ठांना तीन पानी टिपण लिहिलं की प्रत्येक ब्रँडला स्वतःचा माणूस हवा, ज्याने विक्रीच्या आकड्यांपासून दुकानापर्यंत सगळं बघावं. तो पुढे कंपनीचा प्रमुख झाला आणि १९५७ साली अमेरिकेचा संरक्षणमंत्री. आमच्या सेक्रेटरीकाकांनी हे ऐकल्यापासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन-तीन पानी टिपणं टाकायला सुरुवात केली आहे.

मग १९६० साली जेरोम मॅकार्थी नावाच्या प्राध्यापकाने चार 'पी' सांगितले: प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन. वस्तू काय, किंमत किती, मिळते कुठे, आणि चौथं तिचा बोभाटा. १९६७ साली फिलिप कोटलर यांचं जाडजूड पुस्तक आलं आणि जगभरच्या मुलांनी ते उशाला घेतलं. आपल्याकडेही १९६१ साली अहमदाबादला आय.आय.एम. आणि १९६५ साली चर्चगेटला जमनालाल बजाज संस्था निघाली. चारही 'पी' इथे रीतसर दाखल झाले. आणि आता? आमच्या सोसायटीतल्या कुठल्याही मार्केटिंगवाल्याला विचारा. पहिले तीन 'पी' परागंदा! उरलाय फक्त चौथा. वस्तू काय आहे ते ठाऊक नाही, किंमत क्लायंटने ठरवली, मिळते कुठे तर 'लिंक इन बायो'. पण बोभाटा कसा, अगदी रीलसकट, ड्रोन शॉटसकट!

खरी खळबळ या पहिल्या तीनांनीच माजवलीय हो. करसनभाई पटेल गुजरात सरकारच्या नोकरीत केमिस्ट. १९६९ साली त्यांनी घराच्या परसात कपडे धुण्याची पावडर केली, मुलीच्या नावावरून तिला 'निरमा' म्हटलं आणि सायकलवर पुडे लादून दारोदार विकली. नामांकित पावडर तेराच्या घरात असताना यांची साधारण साडेतीन रुपये किलो. जाहिरातीतला झुलणारा फ्रॉक नंतर आला, आधी सायकल होती. ती सायकल एवढी झोंबली की समोरच्या बलाढ्य कंपनीला 'सर्फ'च्या जाहिरातीत ललिताजी आणाव्या लागल्या. लिंटास या जाहिरात कंपनीच्या ॲलेक पदमसी यांची ती निर्मिती. स्वस्त घेणं आणि योग्य घेणं यात फरक आहे, हे ती बाई भाजीच्या टोपलीसमोर उभी राहून देशाला ऐकवत होती. म्हणजे एका सायकलवाल्याच्या 'प्राइस'ला उत्तर द्यायला दुसऱ्या बाजूला एवढं 'प्रमोशन' लागलं.

आणि शाम्पूचं प्रकरण ऐकलंत ना? शाम्पू म्हणजे मोठ्यांघरची बाटली. तमिळनाडूतल्या कडलूरचे सी. के. रंगनाथन १९८३ साली अवघ्या १५,००० रुपयांवर धंद्यात उतरले आणि 'चिक' शाम्पू पुडीत घालून विकू लागले. मग योजना काढली की शाम्पूच्या पाच रिकाम्या पुड्या आणा, एक भरलेली घेऊन जा. आधी कुठल्याही कंपनीच्या चालायच्या, नंतर फक्त 'चिक'च्याच. बघा, आधी लोकांना दुकानात आणलं आणि मग अलगद दार लावून घेतलं. याला म्हणतात डोकं. यात ना नट, ना नटी, ना ड्रोन.

"ते गुजरातचे, ते मद्रासचे, मराठी माणसाला कुठे जमतं?" असं आमच्याकडे लगेच कोणीतरी उसासतं. अहो, लाज वाटून घ्या! लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी म्हणाले, लोखंडाने जमीन नासते. पहिला नांगर खपायला सुमारे दोन वर्षं गेली. दोन वर्षं! आमच्याकडे रीलला दोन तासांत शंभर लाईक आले नाहीत तर 'प्रॉडक्ट-मार्केट फिट नाही' म्हणतात. आणि खरी मजा पुढेच आहे. १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' नावाचं मासिक निघालं. कारखान्याची खबर लोकांपर्यंत जावी म्हणून. संपादक शं. वा. किर्लोस्करांनी त्यात यंत्रांबरोबर विचार, कथा, चित्रं, सुधारणा असं सगळं घातलं. नावातली 'खबर' गळाली, 'किर्लोस्कर' उरलं, १९३० साली 'स्त्री' आलं, १९३४ साली 'मनोहर'. आमच्या आज्या ज्या मासिकातून बंडखोर विचार शिकल्या, त्याचा जन्म कारखान्याच्या मालाची माहिती द्यायला झाला होता! संस्कृतवाली मुलगी ज्याला 'कंटेंट मार्केटिंग' म्हणते ते शंभर वर्षांपूर्वी सांगली भागातल्या एका वाडीत सुरू होतं. तिला मी हे सांगितलं तर म्हणाली, "वॉव, काकू, ऑरगॅनिक रीच!"

विको घ्या. १९५२ साली केशव विष्णू पेंढरकरांनी मुंबईत परळला सुरुवात केली. दंतमंजनाच्या पुड्या घेऊन घरचीच माणसं दारोदार हिंडली. पुढे हळदीची क्रीम आली. हे सौंदर्यप्रसाधन नव्हे, असं जाहिरातीत गाऊन सांगितलं आणि अबकारी कराच्या वादात कोर्टातही तेच सांगितलं. कारण प्रसाधन म्हटलं की कर जास्त, आयुर्वेदिक औषध म्हटलं की कमी. ते भांडण वर्षानुवर्षं चाललं आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन त्यांच्या बाजूने लागलं. जाहिरातीचं वाक्य कोर्टात टिकलं, असं आजच्या कुठल्या कॅप्शनबद्दल म्हणता येईल? १९८४ साली दूरदर्शनवर 'ये जो है जिंदगी' लागायची तेव्हा प्रायोजक म्हणून हेच. आपण मालिका बघायला बसायचो आणि हळद अंगाला लागायची.

आणि इन्फ्लुएन्सर, इन्फ्लुएन्सर म्हणून नाचता ना? १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय तारका आपली लीला चिटणीस. पदवीधर बाई, मराठी रंगभूमीवरून आलेली, आणि साबणाच्या जाहिरातीत! तेव्हा किती घरांत कानांवर हात गेले असतील. आता तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी रोज सकाळी ओट्यासमोर गोल दिवा लावून उपमा करतात. उपमा थंड होतो, भावोजी ताटकळतात, पण मिक्सरचं भांडं कॅमेऱ्याकडे तोंड करूनच ठेवायचं, कारण मिक्सर फुकट आला आहे. मी त्यांना हळूच म्हटलं, "वहिनी, फुकट आलाय हे सांगावं लागतं हं." जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या, १९८५ पासून चालत आलेल्या ॲस्की या संस्थेने २०२१ साली इन्फ्लुएन्सरांसाठी नियम केले. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारनेही सांगून टाकलं की पैसे घेतले असोत, वस्तू घेतली असो की फुकट सहल, प्रेक्षकाला दिसेल असं सांगायचं. दिशाभूल केली तर १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. वहिनींनी उपम्याखालचा गॅस बंद केला. "आणि मिक्सर परत दिला तर?" म्हणाल्या.

हळदीकुंकवालाही आता धास्ती वाटते. वाण घ्यायला जावं आणि भिंतीवर प्रोजेक्टर दिसावा! "दहा मिनिटं बसा हं, एक छोटीशी संधी आहे." संधी म्हणजे सहा माणसं जोडायची, त्या सहांनी सहा-सहा. ओळखीतली निम्मी नाती या 'मार्केटिंग'ने खाल्ली. त्यामुळे आजही कित्येक घरांत हा शब्द उच्चारला की लोक पर्स आवळतात. सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये डायरेक्ट सेलिंगचे नियम काढले आणि माणसं जोडण्यावर पैसे देणाऱ्या पिरॅमिड योजनांना सरळ बंदी घातली. घरोघर वस्तू विकायला हरकत नाही, माणसं विकायला आहे. पण नियम वाचून कोण हळदीकुंकवाला जातं?

सगळ्यात मोठं लफडं मात्र माझ्याच गुडघ्याचं. रात्री झोप येईना म्हणून फोनवर 'गुडघेदुखी' असं टाकलं. बी विंगमधला इंजिनीअर 'परफॉर्मन्स मार्केटिंग' करतो, त्याने मला दुसऱ्या दिवशी आतली गोष्ट सांगितली. गूगलवर तुम्ही शोधलंत की त्याच क्षणी जाहिरातींचा लिलाव होतो. कोण किती बोली लावतो आणि कोणाची जाहिरात व तिच्यामागचं पान तुमच्या शोधाला किती लागू पडतं, हे दोन्ही बघून क्रम ठरतो. बहुतेक वेळा जाहिरातदाराला पैसे पडतात ते कोणी क्लिक केलं तरच. म्हणजे मी मध्यरात्री कण्हत होते आणि माझ्या परोक्ष माझ्या गुडघ्याचा लिलाव चालला होता! वर मी क्लिकही केलं.

"काकू, आता तुम्ही फनेलमध्ये आहात," तो गंभीरपणे म्हणाला.

"कशात?"

"म्हणजे तुम्ही लीड झालात."

त्या दिवसापासून दुपारी जेवणाच्या वेळेला फोन. "मॅडम, आपण इंटरेस्ट दाखवला होता." अहो, मी दुखणं दाखवलं होतं! एक मात्र कबूल. त्या मुलाचं काम बघितलं आणि मी गप्प झाले. गणित नको म्हणून मार्केटिंग घेतलं असं सांगणाऱ्या मुलांचा दिवसभर मुक्काम एक्सेलमध्ये असतो. किती लोकांना जाहिरात दिसली, कितींनी दाबली, कितींनी नंबर दिला, त्यातल्या कितींनी फोन उचलला, आणि एका गिऱ्हाइकामागे खर्च किती पडला. रात्री बारा वाजता क्लायंटचा मेसेज, "लोगो थोडा मोठा करू या का?" याला करिअर म्हणायचं की देवाच्या दारचं दळण?

आता ज्यांना दुकानदारीची किळस आहे त्यांनी पुढचा मजकूर सोडून द्यावा. मला कराडला जायचं होतं, आत्याच्या त्या नातीची गाडी तिकडेच चालली होती, म्हणून बसले. तिचं 'मार्केट वर्किंग' होतं. बाजारपेठेतलं एक किराणा दुकान, काउंटरवर फळकुटाएवढी जागा. ही आत शिरली, नमस्कार केला आणि टॅबवर नवी स्कीम उघडणार तोच दुकानदार म्हणाला, "ताई, स्कीम मागनं. आधी एक्सपायरीचा माल उचला. क्लेम टाकून दोन महिने झाले, क्रेडिट नोट कुठाय?" तिने वाद घातला नाही. उलटा क्रेट ओढून बसली, खोक्यातले पुडे एकेक काढून बॅच नंबर लिहून घेतले. मग विचारलं, "हे नेतं कोण?"

"शाळेतली पोरं. पण दहाचं नेतात. वीसचं तुम्ही उगा टाकताय."

"मग दहाचं मागे का टांगलंय?"

दुकानदार हसला. दहाच्या पुड्यांची माळ मागे बरणीआड होती, कारण पुढचा हूक दुसऱ्या कंपनीच्या पोराने आधी पटकावला होता. हिने दोघांशी गोड बोलून तो हूक वाटून घेतला आणि माळ पोराच्या नजरेच्या उंचीवर आणली. गाडीत बसताना मला म्हणाली, "वीसचं आमच्याच माणसाने मार्चअखेरीला ढकललंय." कंपनीने डिस्ट्रिब्युटरला दिला तो प्रायमरी सेल, डिस्ट्रिब्युटरकडून दुकानात गेला तो सेकंडरी. महिनाअखेर आली, टार्गेट डोक्यावर बसलं की प्रायमरी ढकलतात. गोदाम फुगतं, आकडा फुगतो, वर टाळ्या पडतात, आणि तोच माल चार महिन्यांनी खोक्यातून परत येतो. "आणि हेड ऑफिसचे मार्केटिंगवाले?" मी विचारलं. "ते वीसच्या पुड्याची जाहिरात करतायत," ती म्हणाली.

याच कारणाने ज्या कंपन्या हा धंदा नीट जाणतात त्या मोठ्या संस्थांतून उचललेल्या मुलांनाही सुरुवातीला असंच हिंडवतात. आधी बाजार, आधी डिस्ट्रिब्युटरचं गोदाम, मग ब्रँडची खुर्ची. पण आमच्याकडच्या क्लासच्या फलकांवर हे नसतं. तिथे 'तीन महिन्यांत डिजिटल मार्केटर, शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स' असतं. 'असिस्टन्स' हा शब्द फार बारीक टायपात, आणि फी विचारली की "आधी डेमोला या". निदान हा क्लास मार्केटिंग तरी उत्तम शिकवत असणार, नाहीतर एवढी मुलं कशी आली असती?

मग गेल्या दिवाळीत आमच्या सोसायटीची परीक्षाच लागली. महिला मंडळाने चकली आणि शेव केली, हौसेने जास्तच केली. अर्ध्या किलोचे पुडे बांधले आणि ढीगभर उरले. सेक्रेटरीकाका म्हणाले, एवढे मार्केटिंगवाले असताना काळजी कसली? मीटिंग बोलावली. सगळे हजर! एकाने लोगो केला. चकलीच्या वेटोळ्यात दिवा. संस्कृतवालीने ब्रँडची कहाणी लिहिली, आजीच्या हातची चव वगैरे, प्रत्यक्षात सोऱ्या फिरवला होता तिच्या वडिलांनी. वहिनींनी स्लो मोशनमध्ये चकली मोडली. इंजिनीअरने पाचशे रुपयांची जाहिरात लावली, ती बहुधा सोसायटीतच सगळ्यांना दिसली, कारण दिवसभर आम्हीच एकमेकांना दाखवत होतो. रीलला लाईकचा पाऊस पडला. पुडे जागच्या जागी.

गेटवर बसणारी भाजीवाली दोन दिवस हे बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माझ्याकडं द्या." तिने पुडे फोडले, पाव-पाव किलोचे केले. "अर्धा किलोला लोक घरी विचारून येते म्हनतात, पावला नाही विचारत." संध्याकाळी ऑफिसची माणसं बसमधून उतरतात त्या बाजूला टोपली सरकवली. कोथिंबीर घेणाऱ्याला चकलीचा तुकडा हातावर ठेवला. चकली दोन संध्याकाळींत खलास, शेव निम्मी परत. कमिशन दहा टक्के, रोख, आणि रिकाम्या पिशव्या तिच्या.

आठवड्याने बी विंगमधल्या इंजिनीअरची लिंक्डइनवर पोस्ट आली: 'एका छोट्या होम-ब्रँडला आम्ही शून्यातून सोल्ड-आउट कसं केलं, पाच धडे'. पाचही धड्यांत भाजीवाली नाही, कथाकथनाची ताकद आहे. खाली टाळ्याच टाळ्या, आणि 'डीएम केलंय सर' म्हणणारी पोरं. महिला मंडळाने पोस्ट वाचली, चष्मे काढले, पुन्हा घातले, आणि पुढच्या दिवाळीची मीटिंग लोगोवाल्याच्या घराऐवजी गेटवर घेतली. भाजीवालीने भेंड्या निवडतानिवडता फर्मान काढलं: चकली दुप्पट करा, पुडे पावाचेच बांधा, शेवेत तिखट वाढवा नाहीतर करूच नका, आणि या खेपेला कमिशन बारा टक्के.

मंडळाने घासाघीस न करता मान्य केलं. लोगोला किती द्यायचे, हा विषय वेळेअभावी पुढे ढकलला आहे.